मोरपिशी भोपळा: हॅलोविन आणि अन्नाची अ‍ॅलर्जी असलेली मुलं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की आमच्या मराठी मंडळातल्या आया मला तेच तेच प्रश्न पाठवू लागतात. माझ्या मुलाला शेंगदाणा, काजू, पिस्ता आणि तीळ यांची अ‍ॅलर्जी आहे, आणि न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत मोरपिशी भोपळा (या घरी खाण्याशिवायचं काहीतरी मिळेल, अशी खूण) पहिल्यांदा आमच्याच दारात दिसला, म्हणून. आधी प्रत्येकीला वेगळं लिहायचे, आता हे पान पाठवते. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल इथे आहे ते अ‍ॅलर्जिस्टकडून आणि औषधासोबतच्या पत्रकातून शिकलेलं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

१. सासूबाई पहिल्यांदाच अमेरिकेत आल्यात. ट्रिक-ऑर-ट्रीट त्यांना कसं समजावू?

मी माझ्या सासूबाईंना भोंडल्याची आठवण करून दिली. तिथे आज या घरी, उद्या त्या घरी खिरापत; इथे सगळी घरं एकाच संध्याकाळी. ३१ ऑक्टोबरला मुलं भुतांचे, राजकन्यांचे, सुपरहिरोंचे वेश करून निघतात, दार वाजवतात, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात आणि घरातलं माणूस त्यांच्या पिशवीत छोटी चॉकलेटं टाकतं. पोर्चचा दिवा लागलेला असला तर यायचं, नसला तर पुढे जायचं. भोंडल्यात खिरापत ओळखेपर्यंत निदान ‘गोड की तिखट’ असं विचारता तरी येतं. इथे घर अनोळखी, अंधार पडलेला, मागे दहा मुलांची रांग. पाकिटावरचं बारीक वाचायला सवड कोणाला? अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची गोची इथेच होते.

२. काही घरांसमोर हिरवट निळा भोपळा असतो. तो कशाचा?

आपल्याकडे ज्याला मोरपिशी म्हणतो त्याच्या जवळचा हा रंग, इंग्रजीत टील. अमेरिकेत अन्नाच्या अ‍ॅलर्जीबद्दलच्या जनजागृतीचा हा रंग मानला जातो. पूर्व टेनेसीतल्या अ‍ॅलर्जीग्रस्त कुटुंबांच्या एका गटाची ही कल्पना होती. २०१४ मध्ये ‘फूड अ‍ॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन’ या संस्थेने, जिला सगळे ‘फेअर’ म्हणतात, ती ‘टील पम्पकिन प्रोजेक्ट’ या नावाने देशभर नेली.

भोपळ्याचा अर्थ एकच: या घरी खाण्याशिवायचं काहीतरी मिळेल. ‘इथलं चॉकलेट सुरक्षित आहे’ असा त्याचा अर्थ होत नाही, आणि ‘इथे चॉकलेट मिळणार नाही’ असाही नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात (प्रश्न ६ आणि ८ पाहा).

३. आमच्या घरात कोणालाच अ‍ॅलर्जी नाही. तरी आम्ही ठेवायचा का?

तुम्ही तर ठेवाच. आमच्यासारख्यांच्या घरी खेळणी असतातच, पण आमचा मुलगा स्वतःच्याच दारात किती वेळा जाणार? फेअरच्या आकडेवारीनुसार अमेरिकेत १३ मुलांमागे एकाला अन्नाची अ‍ॅलर्जी आहे, म्हणजे साधारण एका वर्गात दोन. शिवाय सीलिअ‍ॅकची (गव्हातलं ग्लुटेन न चालणारी) मुलं असतात, टाइप १ डायबिटीसची असतात, नळीतून अन्न घेणारी असतात आणि चॉकलेट चावता न येणारी दीड वर्षांची भुतंही असतात.

४. भोपळा खराच रंगवायला लागतो का?

नाही. हस्तकलेच्या दुकानात मोरपिशी रंगाची बाटली मिळते, खरा भोपळा रंगवला तर छान दिसतो. पण प्लास्टिकचा चालतो, पुठ्ठ्याचा चालतो, फेअरच्या संकेतस्थळावरचं पोस्टर छापून दारावर चिकटवलं तरी चालतं. तिथेच एक नकाशा आहे, त्यात आपलं घर नोंदवता येतं. जरूर नोंदवा. आम्ही संध्याकाळचा रस्ता त्या नकाशावरून ठरवतो. आणि भोपळ्यावर उजेड पडेल असं बघा. मोरपिशी रंग अंधारात काळा दिसतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी साडेसातला कळलं.

५. द्यायचं काय? पेन्सिली कोणी घेत नाही.

खरंय, पेन्सिली शेवटी उरतात. आमच्याकडे दरवर्षी सगळ्यात आधी संपतात त्या अंधारात चमकणाऱ्या ग्लो-स्टिकच्या बांगड्या. मुलं तिथल्या तिथे हातात घालतात आणि रस्त्यावर आईबापांना दिसतातही. त्याखालोखाल ड्रॅक्युलाचे प्लास्टिकचे दात, कोळ्याच्या अंगठ्या, उसळणारे चेंडू, पाण्याने उमटणारे टॅटू, छोटे स्प्रिंग, स्टिकर. डॉलर स्टोअरमध्ये डझनाच्या पाकिटात घेतलं तर खर्च चॉकलेटपेक्षा कमीच येतो. आणि उरलेलं पुढच्या वर्षी चालतं, चॉकलेट उरलं की ते आपणच खातो.

टूथब्रश देऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी त्या रात्री टूथब्रश म्हणजे पोराचा अपमान.

तेरा-चौदा वर्षांची मुलं कोळ्याच्या अंगठीकडे बघून नुसतं हसतात. त्यांच्यासाठी चांगली पेनं, बॅकपॅकला लावायच्या किल्लीच्या साखळ्या, पत्त्यांचे छोटे जोड ठेवते. तीन वर्षांखालच्यांसाठी प्रश्न १२ पाहा.

६. म्हणजे चॉकलेट बंदच करायचं? बाकीच्या मुलांचा हिरमोड होईल.

बंद करायची गरज नाही. दोन वाट्या ठेवा, एकीत चॉकलेट, दुसरीत खेळणी. फक्त दोन्ही खरोखर वेगळ्या असू द्या. एकाच टोपलीत शेंगदाण्याच्या चॉकलेटांखाली स्टिकर दडलेले असतील तर त्याचा उपयोग नाही. पाकिटं फुटतात, चुरा सांडतो. गेल्या वर्षी चॉकलेट होतं त्या वाडग्यात यंदा खेळणी ठेवायची असतील तर तो साबणाने घासून घ्या. आणि तुम्ही दारात बसून स्वतः पीनट बटर कप खात असाल (कोण नाही खात?) तर खेळण्यांच्या वाटीत हात घालू नका, मुलांना त्यांचं त्यांना उचलू द्या.

७. कोणाला अ‍ॅलर्जी आहे हे ओळखायचं कसं? विचारलेलं चालतं का?

ओळखायचं नाही. विचारायचंही नाही.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना शेजारच्या गल्लीतल्या एका प्रेमळ आजीबाईंनी त्याला वाकून विचारलं, “अरेरे, मग तू ते खाल्लंस तर काय होतं? मरतोस का?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मागे रांग होती, सगळी ऐकत होती. तो काही बोलला नाही. पुढच्या तीन घरांपर्यंत माझा हात धरून चालला आणि मग त्याने तोच प्रश्न मला विचारला.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते: दोन्ही वाट्या पुढे करा आणि म्हणा, “यातलं एक घे.” सगळ्यांना सारखंच. ज्याला जे हवं ते तो उचलेल. अ‍ॅलर्जी नसलेली कितीतरी मुलं खेळणीच घेतात, घेऊ द्या. खेळणी घेणारा हात अ‍ॅलर्जीवाल्याचा की हौशीचा हे कोणालाच कळत नाही, आणि तेच तर हवंय. “खेळणी फक्त अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी” अशी पाटी मी एका दारावर पाहिली आहे. मुलाने त्या पाटीखाली उभं राहून स्वतःचा आजार जाहीर करायचा, मग स्टिकर मिळणार! त्यापेक्षा पाटी नसलेली बरी. खेळणी संपतील अशी भीती वाटत असेल तर एक मूठ आत काढून ठेवा.

८. शेंगदाणे-काजू नसलेली कँडी ठेवली तर भोपळा लावता येईल का?

नाही. कँडी जरूर ठेवा, पण तिच्या भरवशावर भोपळा लावू नका. आपण ‘नट नाहीत’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे एकच मूल असतं. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात आठ प्रमुख अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ, होते: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर, काजू-बदाम-अक्रोडसारखे नट, शेंगदाणा, गहू आणि सोया. २०२१ च्या कायद्याने नववा जोडला तो तीळ, आणि १ जानेवारी २०२३ पासून तो लेबलवर लिहिणं सक्तीचं झालं. तिळगूळ वाटणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटतं, पण तिळाची अ‍ॅलर्जी चांगलीच तीव्र असू शकते, हे आम्ही घरात पाहिलंय.

आता नेहमीची कँडी घ्या. स्निकर्समध्ये शेंगदाणे तर आहेतच, शिवाय दूध, सोया आणि अंड्याचा पांढरा भागही आहे. ट्विझलर्स नुसते लाल गोड दोरे वाटतात, त्यात गहू आहे. किटकॅटमध्ये गहू आणि दूध. साध्या एम अँड एम्सच्या पाकिटावर शेंगदाण्याबद्दलचा इशारा असतो. स्किटल्स, डमडम आणि अमेरिकी स्मार्टीज यांत हे नऊ नसतात, म्हणून आमच्या कँडीच्या वाटीत तीच असतात; तरी दरवर्षी पाकीट वाचूनच घेते. पण एखाद्याला नवाच्या बाहेरची अ‍ॅलर्जी असते. मक्याची, कुठल्यातरी रंगाची, आपल्याकडे तर हरभऱ्याचीही. भोपळा बघून तो आला तर त्याच्यासाठी खेळणंच लागेल.

९. लेबलवर ‘मे कंटेन’ लिहिलेलं नाही. म्हणजे सुरक्षित ना?

तसं समजू नका. घटक म्हणून वापरलेला प्रमुख अ‍ॅलर्जन लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे. पण त्याच यंत्रावर, त्याच कारखान्यात दुसरं काही बनतं म्हणून माग राहू शकेल, हे सांगणारी ‘मे कंटेन’ ओळ ऐच्छिक आहे. एखादी कंपनी लिहिते, एखादी लिहीत नाही. ओळ नसली तर धोका नाही असं सिद्ध होत नाही. शंका असली की मी कंपनीला फोन करते; बऱ्याच जणी नीट उत्तर देतात.

नारळाचंही वाचून घ्या. नारळ आधी या कायद्यासाठी नटांत धरायचे, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने तो त्या यादीतून काढला. घटकांच्या यादीत तो दिसेलच, पण ‘कंटेन्स’ या ठळक ओळीत असेल असं आता गृहीत धरू नका.

१०. मोठ्या बारचं लेबल आम्हाला पाठ आहे. छोट्या बारचं वेगळं का असेल?

कारण तो बहुधा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या यंत्रावर बनतो. हॅलोविनचे भोपळ्याच्या नाहीतर भुताच्या आकाराचे खास प्रकार तर आणखी वेगळे. नेहमीचा प्रकार आपल्या मुलाला चालतो आणि त्याच नावाच्या छोट्या प्रकारावर शेंगदाण्याचा इशारा आहे, असं मी स्वतः दुकानात वाचलंय. त्यात भर म्हणजे एकेकट्या छोट्या बारवर घटक बऱ्याचदा छापलेलेच नसतात, ते असतात बाहेरच्या मोठ्या पिशवीवर, आणि ती पिशवी तुम्ही तीस तारखेलाच कचऱ्यात टाकलेली असते. तर एक विनंती: रिकामी पिशवी हॅलोविन संपेपर्यंत दारामागे ठेवा. कोणी विचारलंच तर दाखवता येईल. मी लेबलाचा फोटो फोनवर ठेवते.

११. दिवाळी याच सुमारास येते. मुलांना फराळ दिला तर?

हा प्रश्न २०२४ मध्ये फारच आला, कारण त्या वर्षी नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला होती. सकाळी अभ्यंगस्नान, संध्याकाळी ड्रॅक्युला. कौतुक म्हणून लाडू वाटावेसे वाटणं स्वाभाविक आहे, पण अनोळखी मुलांना वाटू नका. घरी केलेलं, सुटं, लेबल नसलेलं कोणतेही पालक इथे हॅलोविनला खाऊ देत नाहीत, अ‍ॅलर्जी असो वा नसो. ते सरळ कचऱ्यात जातं आणि वाईट तुम्हाला वाटतं.

अ‍ॅलर्जी असलेलं मूल मराठी घरीच येणार असेल तर वेगळा विचार करावा लागतो. चिवड्यात शेंगदाणे, काजू. चकलीत तीळ. लाडवावर बेदाण्याशेजारी काजू. शंकरपाळी निर्धोक वाटते, पण ती चकलीच्याच तेलात तळलेली असते. शेंगदाण्याचा कूट तर आपल्याकडे मिठासारखा, कशात पडलाय हे करणाऱ्यालाही आठवत नाही. आणि गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर हिंगाची डबी वाचा: बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. ‘नुसती फोडणीच तर आहे’ म्हणून आमच्या ओळखीच्या एका मुलीला त्रास झाला होता. भारतातून आणलेल्या पाकिटांवर अ‍ॅलर्जनची ओळ असते, पण तिथल्या सक्तीच्या यादीत तीळ नाही, तेव्हा संपूर्ण घटकयादी वाचा.

१२. खेळण्यांत तरी काही धोका नाही ना?

थोडा आहे. प्ले-डोमध्ये गहू असतो, हे त्याच्या डब्यावरच लिहिलेलं असतं. सीलिअ‍ॅकच्या किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या लहान मुलाचे हात नंतर तोंडात जातातच. फुग्यांत आणि काही रबरी वस्तूंत लॅटेक्स असतं. तीन वर्षांखालच्यांना चेंडू, अंगठ्या देऊ नका, घशात अडकतात. त्यांना मोठे स्टिकर किंवा पुठ्ठ्याचं छोटं पुस्तक. ग्लो-स्टिक चावून फुटली तर आतला द्रव झोंबतो. तोंड धुवा, पाणी पाजा आणि घाबरण्याआधी पॉइझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर विचारा.

१३. आमच्याच मुलाला अ‍ॅलर्जी आहे. त्याला घेऊन बाहेर पडावं का?

पडा. आमच्या घरचे नियम सांगते. निघण्याआधी पोटभर जेवण, म्हणजे चालता चालता खायचा मोह कमी. वाटेत एक गोळीसुद्धा तोंडात टाकायची नाही. घरी येऊन, दिव्याखाली, आम्ही वाचल्यावर. हा नियम घरातल्या सगळ्या भावंडांना आणि त्यांच्या बाबांनाही. मोठीला कशाचीच अ‍ॅलर्जी नाही, ती सुरुवातीला कुरकुरली, आता तीच धाकट्यावर लक्ष ठेवते.

एपिनेफ्रिनचे (तीव्र रिअ‍ॅक्शनवरचं तातडीचं औषध, भारतात आपण ज्याला अ‍ॅड्रेनालिन म्हणतो तेच) दोन इंजेक्टर, मुलासोबत चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या अंगावर. गाडीत नाही, गल्लीच्या टोकाला थांबलेल्या आजोबांकडे नाही. गाडीत थंडीने किंवा उन्हाने औषध खराबही होतं. फोन चार्ज केलेला.

वेशाचाही विचार करा. इंजेक्टर कपड्यावरून टोचता येतो, पण फुगवलेल्या स्नायूंच्या सुपरहिरोच्या वेशात मांडीवर दोन बोटं जाड स्पंज असतो. मांडी मोकळी करता येईल असाच वेश घ्या.

आणि एक युक्ती, जी मला वाटतं सगळ्यात कामाची आहे: दोन-चार ओळखीच्या शेजाऱ्यांकडे दुपारीच आपल्या मुलाला चालणारी कँडी किंवा खेळणी नाव घालून देऊन ठेवा. संध्याकाळी तो दार वाजवतो आणि त्यांच्या हातून त्याच्याच पिशवीत ती पडते. पहिली काही वर्षं त्याला हे माहीतच नव्हतं.

१४. कँडीला नुसता हात लागला तर? सॅनिटायझर बरोबर ठेवू का?

बंद पाकिटाला हात लागून तीव्र रिअ‍ॅक्शन येणं सहसा होत नाही. त्वचेवर लागलं तर तिथे पुरळ उठू शकतो. खरा धोका तो हात तोंडात किंवा डोळ्यात जाण्याचा, म्हणजे लहान मुलांना जास्त. सॅनिटायझरचा इथे उपयोग नाही: तो जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं. साबण-पाणी हवं, नाहीतर पुसायचे ओले वाइप.

१५. रिअ‍ॅक्शन आलीच तर पहिलं काय करायचं?

एपिनेफ्रिन. आधी ते, मग ९११.

अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घोगरा आवाज, सतत खोकला, धाप किंवा छातीत शिट्टी, उलट्यांवर उलट्या, पांढरं पडणं, भोवळ, किंवा मूल म्हणतं ‘मला काहीतरी होतंय’. श्वास, रक्ताभिसरण किंवा घसा यांपैकी कशाचंही लक्षण दिसलं, किंवा दोन वेगळ्या जागची लक्षणं एकत्र आली (पुरळ आणि उलटी, समजा), तर थांबायचं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर. एपिपेन असेल तर निळी टोपी काढायची, नारिंगी टोक मांडीला, तीन सेकंद दाबून धरायचं. मग ९११ ला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ (जिवावर बेतू शकणारी तीव्र रिअ‍ॅक्शन) हा शब्द सांगायचा. मुलाला आडवं ठेवायचं, पाय उंच; श्वास लागत असेल तर बसवायचं, उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करायचं नाही, चालवायचं तर अजिबात नाही. पाच ते पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर दुसरा इंजेक्टर. बरं वाटलं तरी दवाखान्यात जाऊन काही तास देखरेखीखाली राहायला लागतं, कारण लक्षणं काही तासांनी परत येऊ शकतात.

सुईची भीती असेल तर डॉक्टरांशी नाकातल्या स्प्रेबद्दल बोला. नेफी नावाचा स्प्रे ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाला, आणि मार्च २०२५ मध्ये चार वर्षांवरच्या, १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांसाठी त्याची लहान मात्राही आली.

१६. आधी बेनाड्रिल देऊन वाट बघितली तर?

आमच्या आयांच्या पिढीला हे फार पटतं: ‘आधी साधं औषध द्या, लगेच सुई कशाला.’ बेनाड्रिलसारख्या अँटिहिस्टामिनने, म्हणजे अ‍ॅलर्जीवरच्या साध्या औषधाने, खाज कमी होते. घसा सुजणं, रक्तदाब कोसळणं त्याने थांबत नाही, आणि वाट बघण्यात हातची वेळ जाते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये ते एपिनेफ्रिनची जागा घेऊ शकत नाही. एवढंच.

१७. मुलीला झोलेअरची इंजेक्शनं सुरू आहेत. आता एखादं चॉकलेट चालेल ना?

नाही. झोलेअरला, म्हणजे ओमालिझुमॅबला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी मंजुरी मिळाली ती चुकून पोटात गेल्यावर येणारी रिअ‍ॅक्शन कमी करण्यासाठी. मुद्दाम खाण्यासाठी नाही. पथ्य तसंच ठेवायचं, इंजेक्टर तसाच न्यायचा. शेंगदाण्याची मात्रा हळूहळू वाढवण्याचे उपचार चालू असणाऱ्यांनाही हेच लागू.

१८. पिशवीभर कँडी गोळा झाली, त्यातली अर्धी चालत नाही. तिचं काय?

मुलांच्या पातळीवर सगळ्यात छान उपाय ‘स्विच विच’. रात्री न चालणारी कँडी दाराशी ठेवायची, चेटकीण येऊन ती घेऊन जाते आणि बदल्यात खेळणं ठेवते. आमच्याकडे चेटकिणीचं अक्षर हुबेहूब बाबांसारखं होतं, पण सात वर्षांपर्यंत खपलं. काही दातांचे डॉक्टर वजनावर कँडी विकत घेतात, काही ठिकाणी ती सैनिकांना पाठवायला गोळा करतात. घटक न छापलेली प्रत्येक कँडी मात्र थेट ‘न चालणाऱ्या’ ढिगात, मुलगा कितीही म्हणो की ‘मला माहितीये, ही तीच आहे’.

शाकाहारी घरांना एक वेगळा ढीग करावा लागतो, जिलेटिनचा. स्टारबर्स्ट, बहुतेक गमी आणि मार्शमेलो त्यात जातात. स्किटल्समध्ये जिलेटिन नाही.

१९. निळी बादली घेतलेलं मूल आलं. ते पण अ‍ॅलर्जीचंच का?

नाही, गल्लत करू नका. काही पालक ऑटिझम असलेल्या मुलांना निळी बादली देतात. मूल ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणालं नाही, नजरेला नजर दिली नाही तर समजून घ्या, एवढं त्यांना सांगायचं असतं. काही घरांसमोर जांभळा भोपळा दिसतो, तो अपस्माराबद्दलच्या जागृतीचा. आणि कितीतरी बादल्या निळ्या असतात कारण पोराला निळा आवडतो. दोन्ही वाट्या पुढे केल्या की प्रश्न मिटला (प्रश्न ७).

२०. आजी म्हणते, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तुम्हीच जपून जपून मुलं नाजूक केलीत.

आजीचं अर्धं बरोबर आहे, आणि तेवढं तिला मोठ्याने सांगा, पुढचं संभाषण सोपं जातं. बाळाला शेंगदाणा उशिरा द्यावा हा जुना वैद्यकीय सल्ला चुकीचा निघाला. इस्रायलमधली बाळं शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ लहानपणीच खातात आणि तिथे ही अ‍ॅलर्जी कमी दिसते, यावरून संशोधकांना शंका आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासात जास्त धोक्याची ६४० बाळं घेतली होती. चार ते अकरा महिन्यांत शेंगदाणा सुरू केलेल्यांत पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जीचं प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळलं. म्हणजे कूट खाणारी जुनी घरं नकळत शहाणपणाचं वागत होती.

पण हे प्रतिबंधाचं झालं. ज्या मुलाला अ‍ॅलर्जी आहे त्याला ‘थोडं थोडं देऊन सवय’ घरी लावायची नसते. आजीला इंजेक्टरचा सरावाचा नमुना हातात द्या, तिच्याकडून पाच वेळा करून घ्या. आमच्या आजी आता गल्लीत सगळ्यात झटपट आहेत.

२१. पुण्यात आमच्या सोसायटीतही हॅलोविन करतात. हे सगळं तिथे लागू होतं का?

दोन वाट्यांची पद्धत जशीच्या तशी. उलट सोपं, कारण घरं ओळखीची आणि सोसायटीचा ग्रुप आहे. कोणत्या मजल्यावर खेळणी आहेत हे आदल्या दिवशी कळवता येतं. चिक्की, तिळाच्या वड्या, सुटे पेढे वाटीत ठेवू नका. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८. मुलाच्या डॉक्टरांकडून तातडीची योजना लेखी घ्या, आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात अपघात विभाग रात्री सुरू असतो ते आधीच बघून ठेवा.

२२. मुलगा तेरा वर्षांचा झाला. यंदा मित्रांबरोबर एकटाच जाणार म्हणतो.

आमचाही यंदा तेच म्हणाला. हे वय जपायचं, कारण अन्नामुळे आलेल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसने दगावण्याचा धोका किशोरवयात आणि तरुणपणी सगळ्यात जास्त असतो: इंजेक्टर घरी राहतो, मित्रांसमोर लेबल वाचायची लाज वाटते, आणि त्रास झाला तर मूल एकटंच बाथरूममध्ये जाऊन बसतं. आम्ही तीन अटी घातल्या. दोन्ही इंजेक्टर कमरेच्या पाऊचमध्ये, वेशाचा भाग म्हणून. तो यंदा इलेक्ट्रिशियन होतोय, पाऊच शोभतो. घरी येईपर्यंत खायचं नाही, हा जुना नियम. आणि निदान दोन मित्रांना इंजेक्टर कुठे आहे आणि कसा टोचायचा हे ठाऊक हवं. तिसऱ्या अटीवर तो लाजला, मग त्याने स्वतःच त्या दोघांना बोलावलं. जेवणाच्या टेबलावर सरावाच्या पेनने तिघांनी एकमेकांच्या मांड्या टोचून काढल्या.